यंदाच्या बॅनरवर गांधीजी किती इंचाचे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या युवक मंडळांना, त्यांच्या अध्यक्ष-उपाध्यक्ष-खजिनदारांना आणि पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांना खुलं पत्र.

दादांनो, नमस्कार.

मला तुम्ही ओळखता. बस स्टँडच्या मागं झेरॉक्स, डीटीपी आणि बॅनरचं दुकान आहे तोच मी, तुम्ही बॅनरवाले मामा म्हणता तो. वर्गणीची पावती पुस्तकं माझ्याकडंच छापता, पोलिस परवानगीचा अर्ज माझ्याकडंच टाइप करून घेता, शाळेतल्या पोरापोरींची भाषणंसुद्धा मोबाइलवर शोधून मीच प्रिंट मारून देतो, म्हणजे पंधरा ऑगस्टचं निम्मं काम माझ्या दुकानातून होतं म्हटलं तरी चालेल. त्यामुळं हे काही बाहेरून बघणाऱ्या शहाण्याचं पत्र नाही. यात माझाही हात आहे आणि माझा गल्लाही आहे.

तेरा ऑगस्टच्या रात्रीचं सांगतो. पाऊस लागून राहिलेला, करंट दर अर्ध्या तासानं जायचा, आणि अकरा बॅनर सकाळपर्यंत द्यायचे होते. सगळे दहा बाय आठचे, सगळ्यांना मागं तिरंगा, वर अशोकचक्र, मधे पुढारी, खाली शुभेच्छुक. एका मंडळाचे शुभेच्छुक चौतीस होते. चौतीस फोटो, त्यातले निम्मे गॉगल लावलेले, दोन तर गाडीवर बसलेले. वरच्या कोपऱ्यात गांधीजी, सुभाषबाबू, भगतसिंग आणि बाबासाहेब असे चार गोल टाकले होते, तर मंडळाचा एक पोरगा माझ्या खुर्चीमागं उभा राहून म्हणतो, "मामा, वरची ती चार म्हातारी जरा बारीक करा की, खाली पोरांना जागा होईना झालीय." भगतसिंग गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता, त्या पोरापेक्षाही लहान असेल, पण म्हाताऱ्यांत गेला बिचारा. मी बारीक केली. शेवटी पट्टी लावून मोजलं, मधला पुढारी अडीच फूट आणि गांधीजी चार इंच. फुटाला बारा रुपये माझा रेट आहे, कुणाचं तोंड केवढं यावर रेट बदलत नाही, म्हणून मीही काही बोललो नाही.

आता हे वाचून कुणी म्हणेल, मामा, फोटो बारीक झाला म्हणून देश बुडतो काय. नाही बुडत. मला राग फोटोचा नाही. गोष्ट वेगळी आहे आणि ती त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास दुकानात आली.

आमच्या गल्लीतले एक रिटायर झालेले गुरुजी आहेत, मराठी शाळेत जन्म गेला त्यांचा. ते छत्री झटकत आत आले, प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि म्हणाले, याच्या पन्नास कॉप्या मार, उद्या-परवा झेंडावंदनाला वाटणार आहे. तुमच्या बॅनरच्या गडबडीत मी न बघता कॉप्या मारल्या, शंभर रुपये घेतले आणि ते गेले. पंधराला झेंडावंदन झालं, गुरुजी प्रत्येकाला कागद द्यायला लागले, लोक घेत होते, घडी करत होते, काही जण पुढच्याकडं देत होते, आणि मग चिरमुरे-बुंदी वाटायची वेळ आली तर कागद कमी पडले. तुमच्यातल्याच एकानं टेबलावरचा गठ्ठा उचलला आणि पोरांना त्यावर बुंदी दिली. मी गुरुजींकडं बघितलं. ते म्हणाले, "असू दे रे, निदान हातात तरी गेला."

एक कागद माझ्याही हातात आला, बुंदीसकट. बुंदी खाऊन झाल्यावर तेलकट अक्षरं वाचली. २६ जानेवारी १९३० ची प्रतिज्ञा होती ती, पूर्ण स्वराज्याची.

तुम्हाला शाळेत सांगितलं असेल, मलाही सांगितलं होतं, पण डोक्यात राहिलं नव्हतं. १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, जवाहरलाल अध्यक्ष होते, रावी नदीच्या काठावर मध्यरात्री झेंडा चढवला, पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळायचं ठरलं. म्हणजे स्वातंत्र्य मिळायच्या सतरा वर्षं आधीपासून आपले लोक स्वातंत्र्यदिन पाळत होते! १९४७ पर्यंत तोच आपला स्वातंत्र्यदिन, आणि म्हणूनच पुढं राज्यघटना लागू करायला तीच तारीख धरली. मला यातलं सगळ्यात भारी काय वाटलं सांगू काय, तर तो दिवस कसा पाळायचा याबद्दल गांधीजींनी दिलेल्या सूचना. भाषणं नकोत म्हणाले. झेंडा लावा, प्रतिज्ञा वाचा आणि उरलेला दिवस कायतरी काम करण्यात घालवा, सूत काता, अस्पृश्यांची सेवा करा, हिंदू-मुसलमानांत समेट करा, दारूबंदीचं काम करा, जमलं तर सगळंच करा. सुट्टीचा नव्हे, राबायचा दिवस होता तो.

आणि त्या प्रतिज्ञेत काय आहे? मला वाटलं असेल काहीतरी प्राण देऊ, रक्त सांडू. तसलं जवळपास काही नाही. ती वाचताना मला माझं बिल बुक आठवलं. खरंच सांगतो, हिशोबाचा कागद आहे तो. माणसाची सरासरी मिळकत दिवसाला सात पैसे, भरतो त्या करातले वीस टक्के शेतसाऱ्यातून जातात, तीन टक्के मिठावरच्या करातून. हातानं सूत काढायचा धंदा बुडवला, त्यामुळं शेतकरी वर्षातले निदान चार महिने रिकामा बसतो. बोलायचा हक्क नाही, एकत्र यायचा हक्क नाही. मोठमोठ्या माणसांनाही परक्या अधिकाऱ्यापुढं वाकावं लागतं, आणि आम जनतेच्या वाट्याला गावकीतली बारीकसारीक कामं आणि कारकुनी. असं एकेक कलम. सुरुवातीलाच म्हटलंय की आपल्या कष्टाचं फळ आपल्याला मिळावं आणि जगायला लागतं ते मिळावं हा आपला हक्क आहे. म्हणजे ज्यांनी हे उभं केलं त्यांच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे काय होतं, तर आमच्याकडून किती घेतलं, आम्हाला किती मिळालं आणि कुणाच्या तोंडाला कुलूप लावलं, हे उघड्यावर वाचून दाखवणं. वर्षातून एकदा, सगळ्या गावासमोर.

त्यातलं ते चार महिने रिकामे बसायचं वाचलं आणि मला तुम्हीच आठवलात. तुमच्यातले निम्मे गोव्याला कामाला जातासा, काही पुण्याला, आणि पावसाळ्यात रोप लावायला माणूस मिळत नाही म्हणून घरचे म्हातारे गुडघाभर चिखलात उभे असतात.

बेळगावच्या माणसाला तर हे कुणी शिकवायलाच नको होतं. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते तिथं. काँग्रेस रोडवरनं तुम्ही दर आठवड्याला जाता, तिथली विहीर बघितली असेल. अधिवेशनाला येणाऱ्या लोकांना पाणी पाहिजे म्हणून ती खोदली, पंपा सरोवर म्हणायचे, आता काँग्रेस विहीर. तिला खर्च आला ४,३७० रुपये ३ आणे. ते तीन आणे बघा की! शंभर वर्षं झाली तरी तीन आण्यांची नोंद राहिली. सगळा कारभार आटोपल्यावर हिशोबात ७७३ रुपये शिल्लक राहिले म्हणूनही सांगतात. आणि संडास-सफाईचं काम कुणावर ढकललं नव्हतं, स्वयंसेवकांनी अंगावर घेतलं होतं, आणि त्या तुकडीचे मुकादम होते काकासाहेब कालेलकर, बेळगुंदीला ज्यांचं आजही नाव काढतात ते. एवढा शिकलेला माणूस, हातात झाडू.

आपल्या मंडळाच्या गेल्या तीन वर्षांच्या वर्गणीचा हिशोब कुणी वाचून दाखवलाय काय? मी पावती पुस्तकं छापतो म्हणून विचारतोय. यंदा एका मंडळानं सहा पुस्तकं नेली, शंभर पावत्यांचं एक. आता सगळ्याच पावत्या फाडल्या नसतील मान्य आहे, पण डॉल्बीला किती गेले, डिझेलला किती, रात्रीच्या जेवणाला किती (ते जेवण कसलं होतं हे मी विचारत नाही), हे त्या आजीला कळायला नको काय जिनं पेन्शनच्या पैशातले पन्नास काढून दिले? मी असं बोललो तर तुमच्यातला एकजण म्हणाला, "मामा, देशासाठी केलेल्या कामात हिशोब काय विचारतासा." त्या एका वाक्यावर हे पत्र लिहायला बसलो. देशासाठी म्हटलं की हिशोब विचारायचा नाही, हे इंग्रज म्हणत होते. आपल्या लोकांचं भांडणच त्यावर सुरू झालं होतं.

आणि आपला रायण्णा? नंदगड माझ्या दुकानापासून फार लांब नाही. संगोळ्ळी रायण्णाचा जन्म पंधरा ऑगस्टचा सांगतात, १७९८ चा, आणि नंदगडला वडाच्या झाडाला त्याला फाशी दिली ती २६ जानेवारी १८३१ ला. दोन्ही तारखा बघून अंगावर काटा येतो, पण रॅलीत घोषणा देणाऱ्या किती जणांना तो कशासाठी लढला हे माहीत आहे? कित्तूरची राणी चन्नम्मा १८२४ ला इंग्रजांशी लढली, रायण्णा तिच्याच फौजेतला; त्यानंतर ती कैदेत पडली आणि १८२९ ला बैलहोंगलच्या कैदेतच गेली. रायण्णाची जमीन जप्त झाली, उरली त्यावर जबर सारा बसवला, तेव्हा तो गोरगरिबांना घेऊन उठला. त्यानं जाळलं काय, तर सरकारी कचेऱ्या आणि जमिनीची दप्तरं. पुन्हा हिशोबच! १९३० च्या कागदातलं शेतसाऱ्याचं कलम शंभर वर्षं आधी आपल्याच तालुक्यात एक माणूस मशाल घेऊन वाचत होता असं म्हणायचं.

त्याच रायण्णाचं आज आपण काय केलं? २०२० च्या ऑगस्टात बेळगावजवळ पिरनवाडीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. रात्रीत पुतळा, मग वाद, एका बाजूला रायण्णाचे झेंडे, एका बाजूला शिवाजी महाराजांचे, पोलिसांच्या गाड्याच गाड्या. शेवटी पुतळा राहिला आणि चौकाला महाराजांचं नाव मिळालं. मला विचाराल तर त्या दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर शेतसाऱ्यावर बोलले असते. चौकाच्या नावावर कुणी नसतं भांडलं.

भाषेचा विषय टाळून पुढं जाता येणार नाही, कारण मला ठाऊक आहे तुम्ही मनात म्हणत असणार की मामा आता कानडीवाल्यांच्या बाजूनं बोलणार. मी सीमाभागातलाच आहे ओ. एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, मीही दुकान बंद ठेवतो. १९५६ ला आपल्याला न विचारता इकडं, आजच्या कर्नाटकात, टाकलं, सीमेच्या वादावर महाजन आयोग झाला, २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात पडून आहे, ८६ साली कन्नड सक्तीच्या विरोधात पोरं गोळीबारात गेली, हे सगळं माझ्याही घरात बोललं जातं. २०२४ ला पाट्यांवर साठ टक्के कानडी पाहिजे असा कायदा झाला तेव्हा सगळ्यात जास्त डोकेदुखी कुणाला झाली असेल तर माझ्यासारख्या बोर्ड करणाऱ्याला, पट्टी लावून अक्षरं मोजत बसतोय. उतारा कानडीत, नोटीस कानडीत, म्हातारी माणसं कागद घेऊन येतात आणि माझ्याकडं बघत उभी राहतात, मी वाचून सांगतो. जिथं भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेतही मिळायला पाहिजेत असं केंद्रानं कबूल केलेलं आहे, आणि ते मिळत नाहीत म्हणून माझं दुकान चालतंय असंही म्हणता येईल.

पण एक गोष्ट सांगतो जी मलाही अर्ज टाइप करता करताच कळली. घटनेतलं कलम ३५० अ, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी म्हणणारं, आणि ३५० ब, भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमायला सांगणारं, ही दोन्ही सातव्या घटनादुरुस्तीनं आली. ती लागू कधी झाली? १ नोव्हेंबर १९५६. जो आपला काळा दिन, त्याच दिवशी आपल्या हक्काचा कागदही आला. आपण दर वर्षी काळ्या फिती लावून फेरी काढतो, काढावी, पण तो कागद पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून एकदा तरी कुणी वाचलाय काय? पीडीओसमोर, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यासमोर, मास्तरांसमोर, तहसीलदारानं पाठवलेल्या माणसासमोर? मराठी शाळेत शिक्षक किती मंजूर आणि किती हजर, हा आकडा कुणी माईकवर विचारलाय? त्याऐवजी डॉल्बीवर गाणं लागतं आणि कानडी गल्लीचा कोपरा आला की आवाज वाढवा म्हणून हात वर जातो. मशिदीच्या बोळाशीही तेच. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून बघतो, कुठल्या वळणावर आवाज वाढतो ते मला पाठ झालंय. गांधीजींनी त्या दिवशी करायला सांगितलेल्या कामात हिंदू-मुसलमानांचा समेट होता, ते आधीच लिहिलं.

आणि कानडी-मराठीचंच म्हणाल तर १९२४ चं ते अधिवेशन ज्यांनी अंगावर घेऊन पार पाडलं ते हुदलीचे गंगाधरराव देशपांडे, लोक त्यांना कर्नाटक सिंह म्हणायचे, त्यांनी खादीसाठी हुदलीत जन्म घातला, आणि आत्मचरित्र लिहिलं ते मराठीत. त्यांना आज कुठल्या गल्लीच्या बॅनरवर टाकायचं? दोन्हीकडचे नको म्हणतील. मी यंदा एका मंडळाला विचारलंही, तर म्हणाले कोण हो ते.

गोव्याची गोष्ट तर विसरूनच गेलो आपण. १५ ऑगस्ट १९५५. आपल्याकडं स्वातंत्र्याला आठ वर्षं झाली होती, जिलेब्या खाऊन घरी बसता आलं असतं, पण देशभरातून आलेले सत्याग्रही हातात काठीसुद्धा न घेता गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. बेळगाव तेव्हा गोव्याच्या लढ्यातल्या माणसांचं राहायचं, जमायचं ठिकाण होतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला. तुम्ही आता चोर्ला घाटानं गाडी घालून दोन तासात म्हापशाला कामावर पोचता, ती हद्द कुणीतरी पंधरा ऑगस्टलाच ओलांडली होती, सुट्टीच्या दिवशी.

झेंड्याबद्दल थोडकंच सांगतो, कारण दर वर्षी सोळा तारखेला गटारीतल्या झेंड्यांचे फोटो टाकणारे खूप झालेत. बेळगावात कोट केरे तळ्याजवळ २०१८ ला ११० मीटरचा खांब उभा केला, देशातल्या सगळ्यात उंचातला, आपण सगळे सेल्फी काढून आलो. पण आपल्याच बाजूच्या हुबळीत, बेंगेरीला, खादीचा प्रमाणित तिरंगा तयार होतो, हे किती जणांना माहीत आहे? सूत, कापड, रंग, शिलाई, प्रत्येक टप्प्याला तपासणी, आणि काम करणाऱ्यांत बहुतेक बायका. २०२१ च्या डिसेंबरात झेंड्याच्या नियमात बदल झाला, मशीनचा आणि पॉलिस्टरचा झेंडाही चालेल म्हणून, आणि पुढच्या ऑगस्टात घरोघरी तिरंगा लागला, पोस्टात पंचवीस रुपयाला मिळत होता. घरोघरी लागला हे चांगलंच झालं, पूर्वी साध्या माणसाला वर्षभर झेंडा लावायची मुभासुद्धा नव्हती, ती २००२ ला मिळाली. पण ज्या प्रतिज्ञेत सुताचा धंदा बुडाल्याचं दुःख लिहिलंय तिच्याच नावानं आपण पॉलिस्टर फडकवतो आणि बेंगेरीच्या बायकांचं काम कमी होतं, यावर त्या झेंड्याखाली उभं राहून कुणी अवाक्षर काढत नाही. मीही काढत नाही, कारण २०१६ पासून कर्नाटकात प्लॅस्टिकच्या फ्लेक्सला आणि झेंड्यांना बंदी आहे आणि तरी मी छापतो. तपासणीला कोण आलं तर कापडावर छापतो म्हणून सांगतो. माझा हिशोबही शेवटी लिहिलाय.

अजून एक बघितलेलं, आमच्या पंचायतीचं म्हणत नाही, कुठलंही समजा. झेंड्याची दोरी अध्यक्षा ताईंनी ओढली आणि माईक घेतला त्यांच्या मालकांनी. वीस मिनिटं बोलले, नारीशक्तीवर. ताई बाजूला पदर सावरत उभ्या. खालच्या गल्लीतली माणसं, ज्यांच्याकडून खड्डा खणून घेतला आणि खांब उभा करून घेतला, ती शेवटच्या रांगेत, आणि शुभेच्छुकांच्या चौतीस फोटोंत त्यांचा एकही नव्हता. त्याच बॅनरवर वर बाबासाहेब होते, चार इंचाचे. घटना पुरी होताना, १९४९ च्या नोव्हेंबरात, त्यांनी सांगून ठेवलं होतं की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतोय, राजकारणात समता असेल आणि समाजात, पैशाअडक्यात विषमता. ते काय चुकले सांगा.

पावसात भीमगडच्या जंगलातल्या गावांचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको, आमगाव, गवाळी, कोंगळा, तुमचे पाव्हणे आहेत तिकडं. आजारी माणूस खांद्यावर. एवढंच लिहितो.

आता तुम्ही विचारणार, मग करायचं काय, रॅली बंद करू काय. काढा की रॅली, पोरं आहात. पण येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की बुंदी वाटायच्या आधी दहा मिनिटं द्या. १९३० ची ती प्रतिज्ञा एका पोरीनं मराठीत वाचू दे आणि एका पोरानं कानडीत, दोन्हीची प्रिंट मी मोठ्या अक्षरात काढून ठेवलीय. कानडी तर्जुमा माझ्या शेजारच्या कानडी शाळेतल्या सरांनी करून दिला, चहावर, पैसे घेतले नाहीत. मग तुमच्या खजिनदारानं वर्गणीचा जमाखर्च वाचायचा, अगदी डिझेलसकट. आणि तुमचा वाचून झाला की मग, त्याच माईकवर, पंचायतीला त्यांचा वाचायला सांगायचा, किती आले, कुठं गेले, मराठी शाळेत किती शिक्षक, खालच्या गल्लीत किती नळ. आधी आपला वाचला तर त्यांना नाही म्हणता यायचं नाही, यात माझा धंद्यातला अनुभव आहे, उधारी मागायला जाताना आपली उधारी फेडून जावी लागते. आणि दुपारी गावची जुनी विहीर, जिच्यात तुमच्या रॅलीचे पाण्याचे पाऊच पडलेत, ती उपसायची. दोऱ्या आणि पंप मी आणतो.

२६ जानेवारीचा बॅनर मी फुकट देईन, खऱ्या कापडावर, ज्या मंडळाला पाहिजे त्याला. एकच अट, फोटो कुणाचाच नाही. पुढाऱ्याचा नाही, तुमचा नाही, गांधीजींचाही नाही. नुसती अक्षरं. चौतीस जणांनी नाराज व्हायचं असेल तर माझ्यावर व्हावं.

आता माझा जमाखर्च, बोललोय तसा. पंधरा ऑगस्टला तुमच्याकडून अकरा बॅनर, दहा बाय आठ, फुटाला बारा प्रमाणे एका बॅनरचे ९६० रुपये, एकूण १०,५६०. त्यातले तीन मंडळांचे २,८८० अजून यायचे आहेत, कुणाकडून ते त्यांना ठाऊक आहे. अकराही बॅनर बंदी असलेल्या फ्लेक्सवर. चार बॅनर सध्या कुठं आहेत ते मी बघून आलो, दोन जळणावर झाकलेत, एक गोठ्याच्या पाखीला आणि एक माझ्याच भावकीतल्या माणसानं भाताच्या गंजीवर घातलाय, तोंडं खालच्या बाजूला करून. गुरुजींकडून पन्नास कॉप्यांचे १०० रुपये घेतले होते, ते परत करायला दोनदा गेलो, दोन्ही वेळी नको म्हणाले, म्हणून अजून माझ्याकडंच आहेत.

तुमचा,
बॅनरवाला मामा
खानापूर तालुका